नगरसेवकाला विरोध करायचा, पण सुरुवात कुठून?

पत्र : "यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हापासून आमच्या प्रभागात एकच नगरसेवक आहेत, दोनदा निवडून आले. आमच्या गल्लीतली नाली अर्धीच बांधली आणि बिल पूर्ण निघालं, असं सगळे बोलतात. आता ते तिसऱ्यांदा उभे राहणार. प्रभाग महिलेला सुटला तर बायकोला उभं करणार. त्या माझ्याच बचत गटात आहेत. माझ्या मालकांचं दुकान नगरपंचायतीच्या गाळ्यात आहे, त्याची भीती वाटते. मला स्वतःला उभं राहायचं नाही, पण या वेळी ते निवडून येऊ नयेत असं मनापासून वाटतं. काही जण म्हणतात, त्यांना तिसरं अपत्य आहे, अर्जच उडवता येईल. काय करावं?"

ताई,

अर्ज उडवण्याचं नंतर बघू. आधी दिवस मोजा. डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 मध्ये ज्या नगरपंचायतींचं मतदान झालं, त्यांची पाच वर्षांची मुदत 2027 च्या सुरुवातीला संपते. कार्यक्रम एकदा जाहीर झाला की हातात फार दिवस राहत नाहीत. 2025 ची नगरपरिषदांची निवडणूक आठवा : 4 नोव्हेंबरला घोषणा, 10 ते 17 अर्ज, 18 ला छाननी आणि 2 डिसेंबरला मतदान. घोषणेपासून मतदानापर्यंत अठ्ठावीसच दिवस. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायलाच कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. म्हणजे घोषणेनंतर कागद मागायला निघालात तर तो मतदानानंतर हाती येईल. तुमचं जे काही काम आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त घोषणेच्या आधीचं आहे.

त्याही आधी घर सावरा. गाळ्याचं भाडं, घरटॅक्स, नळपट्टी पूर्ण भरा आणि पावत्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एक संच नातेवाइकाकडे ठेवा. गाळ्याचा करारनामा शोधा. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आजच आवक विभागात देऊन पोच घ्या. विरोध करणाऱ्याला त्रास देण्याचा सोपा रस्ता खोटी केस हा नसतो. त्याच्या थकीत भाड्याची खरी नोटीस काढणं हा असतो, आणि तेवढी जागा तुम्ही ठेवू नका. माहितीचा अर्जही तुमच्या किंवा मालकांच्या नावाने टाकू नका. अर्जदार त्याच प्रभागातला असला पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही, भारताचा कोणताही नागरिक चालतो. दुसऱ्या प्रभागातले निवृत्त गुरुजी किंवा कॉलेजातला पोरगा, ज्याचा नगरपंचायतीशी गाळ्याचा, ठेक्याचा, रोजंदारीचा संबंध नाही, अशाच्या नावाने टाका.

आता नालीकडे येऊ. तुमच्या पत्रातली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच आहे, कारण ती मोजता येते. "यांनी खूप खाल्लं" हे पानठेल्यावर सगळेच बोलतात आणि त्याने एक मत हलत नाही. "कागदावर इतके मीटर, जागेवर इतके मीटर" हे लोक स्वतः चालत जाऊन बघतात.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. पाच वर्षांचा सगळा हिशेब एका अर्जात मागितला की "विषय एकापेक्षा जास्त" म्हणून परत येतो. तेव्हा एक गल्ली, एक नाली, एक अर्ज. मजकूर असा ठेवा : "प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक यांचे घर ते अमुक चौक या नाली बांधकामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक, त्रयस्थ तपासणी अहवाल व कामाची छायाचित्रे यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. संबंधित नस्तीचे प्रत्यक्ष निरीक्षण करू द्यावे." वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, खाली सही आणि तारीख. समक्ष दिलात तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवा. निरीक्षणाची ओळ गाळू नका. झेरॉक्सला टाळाटाळ होते, पण फाइल समोर बसून बघायची मागणी नाकारणं अवघड जातं, आणि फाइलमध्ये न मागितलेले कागदही दिसतात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. दुसरं अपील अमरावती खंडपीठाकडे जातं आणि तिथे फार वेळ लागतो, म्हणून निवडणुकीपुरता त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

कागद आला की मोजमाप पुस्तिका, म्हणजे इंजिनिअर लोक ज्याला एमबी म्हणतात ती, आधी वाचा. बिल अंदाजपत्रकावर निघत नाही, एमबीतल्या मोजणीवर निघतं. अंदाजपत्रकात 150 मीटर आणि जागेवर 100 मीटर दिसले म्हणून लगेच घोटाळा म्हणू नका. एमबीतही 100 च मीटर लिहिले असतील तर बिल 100 मीटरचंच निघालं आहे. फरक एमबी आणि जमीन यांच्यातला धरायचा.

मग 30 मीटरचा टेप घ्या. दोन माणसं टेप धरायला, एक लिहायला, एक फोटो काढायला. सुरुवात एमबीत लिहिलेल्या खुणेपासूनच करा. खुणेत घोळ झाला तर सगळी मोजणी वाया जाते. लांबी एकदा. आतली रुंदी, आतली खोली आणि भिंतीची जाडी मात्र दर दहा मीटरला. खोली मोजण्याआधी तळातला गाळ फावड्याने काढा, नाहीतर "गाळावर टेप ठेवला" असं म्हणून तुमची मोजणी उडवतील.

समजा कागदावर आतली रुंदी 45 सेंटीमीटर, खोली 60, भिंती आणि तळ 10 सेंटीमीटर जाड. म्हणजे तळाला 0.65 गुणिले 0.10, दोन्ही भिंतींना मिळून 2 गुणिले 0.60 गुणिले 0.10. एकूण 0.185 चौरस मीटर. शंभर मीटर नालीला साडेअठरा घनमीटर काँक्रीट झालं. जागेवर खोली 45 च निघाली तर तेच साडेपंधरा घनमीटर होतं. तीन घनमीटर काँक्रीट नुसत्या खोलीत गेलं. हा हिशेब एका पानावर मांडा, बाजूला टेप लावलेला फोटो ठेवा आणि खाली मोजणाऱ्या चौघांच्या सह्या घ्या. सिमेंट रस्ता मात्र कडेवरून मोजायच्या फंदात पडू नका. कडा जाड आणि मधला भाग पातळ असं पुष्कळदा असतं. तिथे कोअर, म्हणजे रस्त्यातून कापून घेतलेला गोल नमुना, काढून प्रयोगशाळेतच तपासावं लागतं, तशी लेखी मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे करा.

एक भेद मनात पक्का ठेवा. नगरसेवक बिल काढत नाही. मोजणी अभियंता लिहितो, देयक लेखापालाकडून जातं आणि मंजुरी मुख्याधिकारी देतात. म्हणून नालीत फरक निघाला तरी "नगरसेवकाने पैसे खाल्ले" हे सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की त्यांच्या प्रभागात, त्यांच्या डोळ्यांदेखत काम कमी झालं. त्यांनी सभेत त्यावर तोंड उघडलं का, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी दुसऱ्या अर्जात सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. दहा वर्षांत त्यांनी किती ठराव मांडले, किती सभांना हजर होते, तुमच्या नालीचा विषय एकदा तरी काढला का, हे सगळं त्यात असतं. आमच्या मते हा कागद नालीपेक्षाही जास्त मतं फिरवतो, आणि तो मागायचं फार कमी लोकांना सुचतं.

आता तिसऱ्या अपत्याचं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर 1965 च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाच्या कलम 16 खाली माणूस अपात्र ठरतो. दत्तक दिलं म्हणून ते मोजायचं राहत नाही. पण हे गृहस्थ दोनदा छाननीतून पार झाले आहेत. त्या दोन्ही वेळी मुद्दा होता आणि कुणी उचलला नाही, की अपत्य नंतर झालं, की नुसती अफवा आहे? छाननीच्या टेबलावर निवडणूक निर्णय अधिकारी संक्षिप्त चौकशी करतो. तिथे "सगळ्या गावाला माहीत आहे" चालत नाही. जन्म नोंदीचा दाखला किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा साक्षांकित उतारा, आणि त्यात आई-वडिलांची नावं जुळलेली हवीत. शिवाय छाननीच्या खोलीत उमेदवार, त्याचा सूचक आणि त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस एवढ्यांनाच बसता येतं. तुम्ही साध्या मतदार म्हणून आत जाऊन हरकत घेऊ शकणार नाही, ती समोरच्या उमेदवारामार्फतच घ्यावी लागेल. अधिकाऱ्याने अर्ज मंजूर केला तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाला तीनच दिवस असतात, म्हणून वकील आधीपासून ठरलेला हवा.

आणि ताई, एक विनंती. कागद मिळाला तरी त्या लेकराचा दाखला व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायचा कागद आहे. लेकराचा यात काय दोष?

बाकीच्या अपात्रता थोडक्यात. नगरपंचायतीची थकबाकी : बिल दिलेलं असूनही भरलं नसेल तर अर्ज अडकतो, पण बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात भरून मोकळे होतात. नगरपंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असेल तर अपात्रता येते. पुतण्याच्या नावावर ठेका आहे एवढ्याने येत नाही, भागीदारीचा किंवा पैशाच्या व्यवहाराचा कागद लागतो. राखीव जागेवर उभे असतील तर जात वैधता प्रमाणपत्र, किंवा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र जोडलं आहे का, ते पाहा. हमीपत्रातली मुदत उलटली आणि प्रमाणपत्र आलं नाही तर निवड रद्द होते. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून कुणाचा अर्ज बाद होत नाही. स्वतः किंवा बायकोच्या नावाने बेकायदा बांधकाम केलं असेल तर कलम 44 खाली निवडून आलेल्या नगरसेवकाला जिल्हाधिकारी अपात्र करू शकतात, आणि विद्यमान नगरसेवक म्हणून ती तक्रार आजही करता येते.

पण खरं सांगायचं तर अर्ज बाद करून जिंकायच्या आशेवर राहिलात तर फसाल. अर्ज मंजूर झाला की ते हातात हार घेऊन चौकात येतील आणि "माझ्याविरुद्ध काहीच निघालं नाही" म्हणतील. कायद्याचा रस्ता सोबत असू द्या, भिस्त मतांवर ठेवा.

मतांचं म्हणाल तर पहिली जागा मतदार यादी. नगरपंचायतीत सतरा प्रभाग आणि प्रत्येक प्रभागात एकच नगरसेवक. प्रभाग लहान असतो आणि दहा-वीस मतांवर निकाल लागतो, म्हणून आजूबाजूच्या खेड्यातले पाहुणे यादीत घुसवले जातात. विधानसभेच्या यादीतला तुमच्या भागाचा गठ्ठा घ्या आणि घर क्रमांकाप्रमाणे वाचा. दोन खोल्यांच्या घरात वीस-बावीस नावं आणि त्यात पाच आडनावं दिसली की तिथे खूण करा. वगळण्यासाठी नमुना 7, नाव घालण्यासाठी नमुना 6, पत्ता बदलण्यासाठी नमुना 8. हे सगळं राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेच्या आधी व्हायला हवं. कारण नगरपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात. प्रारूप यादीवरच्या हरकतीत चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं, पण विधानसभेच्या यादीत नसलेलं नवं नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. लोक नेमकं इथेच उशीर करतात. नमुना 7 देताना खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे. माणूस खरंच राहत नाही याची खात्री करूनच द्या. कामासाठी पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेल्याचं घर इथेच असतं, त्याचं नाव कापायला जाऊ नका.

दुसरी जागा उमेदवार. तुम्हाला उभं राहायचं नाही हे समजलं, पण कुणीतरी हवं, आणि एकच हवं. समोर तीन जण उभे राहिले तर चाळीस टक्क्यांवरही ते सहज निघून जातील. शिवाय त्यातला एखादा त्यांनीच मतं खायला उभा केलेला असू शकतो. आणि कुणीच उभं राहिलं नाही तर निवड बिनविरोध होईल, मग नोटासुद्धा उरत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशाप्रमाणे नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते. पण त्यासाठी आधी मतदान व्हावं लागतं, आणि फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर उमेदवारांतला पहिला निवडून येतो. नोटाच्या प्रचारात घालवायचा वेळ एक बरा उमेदवार तयार करण्यात घालवा.

प्रभागाचं आरक्षण सोडतीत ठरेल. म्हणून आताच दोन नावं मनात धरा, एक बाई आणि एक पुरुष. सोडतीनंतर आठवड्याभरात बसा आणि ज्याच्या मागे जास्त घरं आहेत त्याचं नाव पक्कं करा. बाकीच्यांनी अर्ज भरलेच असतील तर माघारीच्या दिवशी त्यांना कचेरीत घेऊन जाणारा माणूस आधी नेमा. अर्ज बाद होण्याची कारणं तीच-तीच असतात : शपथपत्रातला रकाना कोरा सोडणं (तिथे "निरंक" लिहायचं असतं), दुसऱ्या प्रभागातला सूचक, थकबाकी नसल्याचा किंवा शौचालय वापराचा कागद राहणं, खर्चासाठी वेगळं बँक खातं न उघडणं. आपल्या बाजूचा एक पर्यायी अर्जही भरून ठेवा.

नगराध्यक्ष आता थेट जनतेतून निवडतात. मतदाराला दोन बटणं दाबायची असतात. नगराध्यक्षाच्या उमेदवारावरचं प्रेम किंवा राग तुमच्या प्रभागात मिसळू देऊ नका. "वर कुणालाही द्या, प्रभागात मात्र हे बघा" असंच बोला. जातीवरून एक शब्दही नको. तो आचारसंहितेचा भंग आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पोडावरची (कोलामांच्या वस्तीतली) आणि तांड्यावरची माणसं एकदा तुटली की परत येत नाहीत.

घरोघरी जायची वेळ शेतावरून ठरवा. हिवाळ्यात निवडणूक आली तर त्या दिवसांत कापूस वेचायचा असतो, तूर सोंगणीला आलेली असते. सकाळी नऊनंतर घरी कुणी सापडत नाही. संध्याकाळी सात ते नऊ, दोघी-दोघींनी, एका घरी दहा मिनिटं. नालीचं पान दाखवा आणि ऐकून घ्या. बायांच्या मनात खरी भीती वेगळीच असते : घरकुलाचा हप्ता थांबेल, लाडकी बहीणचे पैसे बंद होतील. त्यांना स्पष्ट सांगा की लाडकी बहीणचे पैसे राज्य सरकारकडून थेट खात्यात येतात, त्यात नगरसेवकाची सही कुठेच नाही. घरकुलाचं नाव मंजूर प्रकल्प अहवालात असेल तर हप्ता बांधकामाच्या टप्प्याच्या फोटोवर पडतो, तो अडवायचा अधिकार त्यांना नाही. आणि मत कुणाला दिलं ते कळत नाही. मोजणीत केंद्राची बेरीज कळते, माणसाचं बटण कळत नाही. हे प्रत्येक घरी पुन्हा सांगावं लागेल.

पत्रक काढायचं तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. बिननावाचं पत्रक रात्री टाकलं तर ते पकडणं सोपं, आणि लोकही त्यावर विश्वास ठेवत नाहीत. "चोर", "दलाल" असले शब्द नकोत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान करणं हा निवडणूक गुन्हा आहे, आणि कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकल्याने बदनामी टळते हा गैरसमज आहे. एमबीचं पान, तारीख, मोजणी आणि "उत्तर द्यावे" एवढंच छापा. त्यात तुमच्या उमेदवाराला मत द्या असं लिहिलंत तर त्याची लेखी परवानगी घ्या. खर्च त्याच्या हिशेबात धरला जाईल, आणि 2025 मध्ये नगरपंचायत सदस्यासाठी खर्चाची मर्यादा 2 लाख 25 हजार होती.

पैसे, साड्या, दारू वाटपाचं चित्रीकरण केलंत तर ज्या फोनवर केलं तो फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून आलेली कॉपी पुरावा म्हणून लंगडी पडते. तक्रार लेखी, निवडणूक निर्णय अधिकारी आणि ठाणेदार या दोघांकडे, पोच घेऊन. पण लक्षात घ्या, कायद्यात घेणाराही लाचखोर ठरतो. पाचशे रुपये घेताना एखाद्या मजूर बाईचा चेहरा गावभर फिरला तर केस तिच्यावर होईल आणि वाटणारा बाजूला राहील. कॅमेरा वाटणाऱ्यावर, त्याच्या गाडीच्या नंबरवर आणि सामानावर धरा.

राहिला तुमचा गट. गटाचा पैसा, गटाची बैठक, गटाचं नाव यात अजिबात आणू नका, आणि गटातल्या कुणाला सीआरपी, म्हणजे बचत गटांचं काम बघणारी कार्यकर्ती, म्हणून मानधन मिळत असेल तर तिला प्रचारात ओढू नका. नगरसेवकांच्या पत्नीशी मात्र तुम्हीच आधी बोला, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. "वहिनी, नालीचा हिशेब आम्ही मागतो आहोत, तुमच्या घराबद्दल आमच्या तोंडून काही निघणार नाही" एवढं पुरे. त्या स्वतः उमेदवार झाल्या तर "कारभार नवराच करणार" असं म्हणत फिरू नका. बायांनाच ते लागतं. पाणी किती दिवसांआड येतं आणि ते रोज यायला काय करणार, हे त्यांना चौकातल्या सभेत सगळ्यांसमोर विचारा.

निकाल विरुद्ध गेला आणि अपात्रतेचा पक्का कागद हातात असेल, तर निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. तेव्हा साक्षांकित प्रतींचा एक पूर्ण संच मतदानाच्या आधीच वकिलांकडे देऊन ठेवा.